बाघजानच्या आगीवर कादंबरी लिहिताना

खऱ्या दुर्घटनेवर कादंबरी लिहायची तर सुरुवात कुठून करायची, कागदपत्रं कुठे मिळतात, कुणाची परवानगी लागते, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. माझी कादंबरी गेल्या मार्चमध्ये छापून आली. वरच्या आसामच्या तेलपट्ट्यात एकत्र वाढलेले चार मित्र १९९१ मध्ये पांगतात आणि २०२० साली बाघजानची तेल-वायूची विहीर फुटते तेव्हा पुन्हा समोरासमोर येतात, अशी तिची गोष्ट. सगळं जसं घडलं तसं क्रमाने लिहिते. खर्चाचे आकडेही देते, कारण मी शोधत होते तेव्हा ते कुठेच मिळाले नव्हते.

माझे बाबा ड्रिलिंगमध्ये होते. माझी शाळेची पहिली वर्षं दुलियाजानला, तेल कंपनीच्या वसाहतीत गेली. जवळच दिगबोई, जिथे १८८९ मध्ये तेल लागलं आणि १९०१ मध्ये रिफायनरी सुरू झाली. आमच्या वर्गात आसामी, बंगाली, बिहारी, नेपाळी, चहामळ्यातली अशी सगळी मुलं होती. १ जुलै १९९१ ला उल्फा या सशस्त्र फुटीरतावादी संघटनेने एकाच दिवशी अनेक सरकारी अधिकाऱ्यांचं अपहरण केलं. त्यात तेल क्षेत्रातले लोक होते आणि एक सोव्हिएत खाणतज्ज्ञही होता, तो जिवंत परतला नाही. त्या पावसाळ्यात वसाहतीतल्या कितीतरी बाहेरच्या कुटुंबांनी बायकामुलांना गावी पाठवलं. आम्हीही निघालो. मैत्रिणींचा निरोप घ्यायला कुणाला वेळच मिळाला नाही. पुढची बरीच वर्षं आमचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

मग आला २०२०. लॉकडाउनमध्ये कुणीतरी शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि जुन्या फोटोंची देवाणघेवाण सुरू झाली. २७ मे ला सकाळी साडेदहाच्या सुमारास तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजानची पाच नंबरची विहीर फुटली. वर्कओव्हरचं, म्हणजे विहिरीच्या दुरुस्तीचं काम चालू होतं. बीओपी, म्हणजे विहिरीचं तोंड बंद करणारा झडपांचा संच, काढलेला होता आणि खालून वायूचा दाब उसळला. ग्रुपवर पहिला व्हिडिओ आला तो एका वर्गमित्राकडून, त्याचं सासर तिथलंच. पांढरा फवारा आणि कान फाटतील असा आवाज. पुढचे तेरा दिवस विहीर तशीच वायू ओकत राहिली. ९ जूनला दुपारी तिने पेट घेतला. विहीर चालवणाऱ्या तेल कंपनीच्या अग्निशमन दलातले दोघं त्यात गेले. आजूबाजूच्या गावांतले हजारो लोक शाळांमधल्या छावण्यांत राहायला गेले, तेही कोरोनाच्या काळात. वरून जुलैचा पूर. ऑगस्टमध्ये विहिरीच्या तोंडावर बीओपी बसवण्यात यश आलं, पण ती 'किल' झाली, म्हणजे कायमची बंद झाली, ती कॅनडाहून यंत्रसामग्री आणल्यावर, १५ नोव्हेंबरला.

त्या महिन्यांत ग्रुपवर जे चाललं होतं, त्यात मला कादंबरी दिसली. तीस वर्षं न भेटलेले लोक एकमेकांना औषधं, ताडपत्र्या, पैसे पाठवत होते आणि त्याच वेळी भांडतही होते. एकजण कंपनीत होता. एकीचं माहेर छावणीत होतं. एकजण पंचनामा करणाऱ्यांपैकी होता. सगळे लहानपणी एकाच व्हॉलीबॉलच्या जाळ्याशी खेळलेले. नोव्हेंबरमध्ये विहीर बंद झाली आणि मी वही उघडली.

पहिला मोठा निर्णय तेव्हाच घेतला आणि शेवटपर्यंत पाळला: दिनदर्शिका खरी ठेवायची, माणसं पूर्ण कल्पित. म्हणजे कादंबरीत ९ जून आला की त्या दिवशी दुपारीच आग लागणार आणि पूर आला की तो जुलैमध्येच येणार. मात्र कुठलंही पात्र कुणा खऱ्या माणसावरून बेतायचं नाही. हे लिहायला सोपं वाटतं, पण पुढची सगळी कागदपत्रांची धावाधाव या एका निर्णयातून आली. तारखा खऱ्या ठेवायच्या तर त्या माहीत पाहिजेत.

२०२१ चं पहिलं अर्धं वर्ष कागद गोळा करण्यात गेलं. सगळ्यांत उपयोगी पडले ते राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश. लवादाने जून २०२० मध्ये कंपनीला २५ कोटी रुपये जमा करायला सांगितले आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे आदेश लवादाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. न्यायालयाचे आणि लवादाचे आदेश उद्धृत करायला कुणाची परवानगी लागत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सूट आहे. वर्तमानपत्रांतल्या बातम्या आणि फोटो यांचं तसं नाही. बातमीतली माहिती घ्या, वाक्यं घेऊ नका.

मी एक आडवं रजिस्टर केलं. पहिला रकाना तारीख, दुसरा काय घडलं, तिसरा कुठून कळलं, चौथा त्या दिवशी माझी चार पात्रं कुठे आहेत. चौथा रकाना कित्येक महिने कोरा होता आणि मला त्याची भीती वाटायची. पण कुणी या वाटेने जाणार असेल तर रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढे संपादकाच्या, वकिलाच्या, प्रुफं वाचणाऱ्याच्या प्रत्येक शंकेला मी त्यातूनच उत्तर दिलं.

जे आदेशांत नव्हतं त्यासाठी माहितीचा अधिकार. ऑनलाइन पोर्टलवर केंद्राच्या कार्यालयांसाठी अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींसाठी पानाला २ रुपये. मी छावण्यांची यादी, त्या कधी उघडल्या, कधी बंद झाल्या, आणि पंचनाम्याचा कोरा नमुना मागितला. एका कार्यालयाने मुदत संपेपर्यंत काहीच कळवलं नाही, दुसऱ्याने 'व्यापारी गोपनीयता' असं कारण देऊन अर्ज फेटाळला. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं, केंद्राच्या कार्यालयांत त्याला शुल्क नाही, आणि अपिलात फक्त एक गोष्ट वेगळी केली: प्रश्न 'का' ने सुरू न करता 'प्रत द्यावी' असं लिहिलं. कोरा फॉर्म गोपनीय कसा, एवढंच विचारलं. पावसाळा संपता संपता पाकीट आलं. आत आठ पानं होती. सोळा रुपयांत मला माझ्या कादंबरीचं मधलं प्रकरण मिळालं.

त्या फॉर्मबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. समितीच्या सुरुवातीच्या अहवालात नुकसानीचे वर्ग होते. घर पूर्ण जळालं असेल तर २५ लाख, मोठं नुकसान असेल तर १० लाख, अंशतः असेल तर अडीच लाख. म्हणजे कुणीतरी माणूस घराच्या दारात उभा राहून ठरवणार की हे घर कुठल्या वर्गात बसतं. आसाममध्ये महसूल खात्याचा गावपातळीवरचा माणूस म्हणजे लाट मंडल, आपल्याकडच्या तलाठ्याच्या जवळचा. जमिनीची मापं त्याच्याकडे. फॉर्मवरचे रकाने वाचताना माझं एक पात्र एकदम उभं राहिलं: लाट मंडल झालेला मित्र, जो लहानपणी ज्या घरात जेवला त्याच घरासमोर टेप घेऊन उभा आहे. घराच्या भिंती उभ्या आहेत, पण पत्रे वितळलेत, तळ्यातले मासे मेलेत, सुपारीच्या झाडांवर कंडेन्सेटचा, म्हणजे वायूबरोबर बाहेर पडणाऱ्या पातळ तेलाचा, थर बसलाय. मैत्रीण म्हणते, पहिल्या वर्गात टाक. नियमाने ते दुसऱ्यात जातं. तिसरा मित्र कंपनीत आहे, त्याला वाटतं यात आपण बोलूच नये. चौथी बाहेरगावी पत्रकार आहे, तिला हे सगळं छापायचंय. संकटाने माणसं जवळ येतात असं आपण सहज म्हणतो. बाघजानच्या कागदांत मला दिसलं ते असं की जवळ आलेल्या माणसांना संकट लगेच वेगवेगळ्या रकान्यांतही बसवतं, आणि मग मैत्रीला त्या रकान्यांमधून वाट काढावी लागते. कादंबरी मला याबद्दलच लिहायची होती. हे कळल्यावर चौथा रकाना भराभर भरत गेला.

२०२२ मध्ये पहिला खर्डा झाला. रोज सकाळी नोकरीवर जाण्याआधी लिहायचे. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही.

जानेवारी २०२३ मध्ये तिकडे गेले. खर्डा हातात असताना गेले हे बरं झालं, कारण काय बघायचंय ते पक्कं ठाऊक होतं. आसामला जायला आपल्याला इनर लाइन परमिट लागत नाही, ते शेजारच्या अरुणाचलला लागतं. विमानाने दिब्रुगढच्या मोहनबारीला उतरायचं किंवा रेल्वेने न्यू तिनसुकियाला. माझं कोलकातामार्गे जाऊन येऊन विमानभाडं १९ हजारांच्या घरात गेलं, राहणं दिवसाला १५०० रुपये, गाड्या आणि नाव धरून सगळा प्रवास ४५ हजारांच्या आसपास झाला. कार्यालयांची कामं असतील तर माघ बिहूचा, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या सुगीच्या सणाचा, आठवडा टाळा, सगळं बंद असतं. माणसांना भेटायचं असेल तर नेमकं तेव्हाच जा. लोक घरी असतात, चुलीवर पिठा (तांदळाच्या पिठाचा पदार्थ) चालू असतो, आणि पाहुण्याला कुणी घाईने वाटेला लावत नाही.

गुइजान घाटावरून नाव घेऊन मागुरी मोटापुंग बिलात, म्हणजे तिथल्या पाणथळ तलावात गेले. दिब्रू सैखोवा राष्ट्रीय उद्यानात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. बिलावर हिवाळी पक्षी आलेले होते. नावाड्याने वल्हं पाण्यात खोल घालून तळाचा गाळ वर काढला आणि माझ्यासमोर धरला. वास घ्या म्हणाला. मला चिखलाचाच वास आला. त्याला त्यात दुसरं काहीतरी येत होतं. आग लागली तेव्हा त्याने दोन महिने जाळं टाकलं नव्हतं, आणि टाकल्यावर मासे घ्यायला कुणी तयार नव्हतं. हे त्याने मला तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी तेवढ्याच सावकाश.

गावात एका बाइदेवांकडे (तिकडे ताईला असं म्हणतात) दुपारभर बसले. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद होते: छावणीची चिठ्ठी, पासबुक, अर्जाच्या पोचपावत्या, सुपारीच्या झाडांची हाताने लिहिलेली यादी. मी रेकॉर्डर काढला नाही. आधी विचारलं की मी कादंबरी लिहितेय, तुमचं नाव कुठे येणार नाही, पण तुम्ही सांगाल त्यातलं काही वापरलं तर चालेल का. त्यांनी होकार दिला आणि अट घातली की घर कसं जळालं ते लिहू नका, सगळे तेच लिहितात. मग काय लिहू, विचारलं. त्या म्हणाल्या, आवाज लिहा. विहिरीचा आवाज रात्रंदिवस चालायचा, छावणीपर्यंत यायचा, एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. नोव्हेंबरमध्ये तो थांबला. तरी त्यांचा नातू पुढे कितीतरी दिवस ओरडूनच बोलत होता. शेजारी बसलेल्या आजीलाही 'आइता, पानी दे' हाक मारून सांगायचा. बाइदेव ते सांगताना स्वतःही मोठ्याने बोलत होत्या.

परत आल्यावर अर्ध्याहून जास्त संवाद बदलले. जून ते नोव्हेंबरच्या सगळ्या प्रसंगांत माझी पात्रं आता ओरडून बोलतात. भांडण असो की माफी, सगळं मोठ्याने. लाट मंडल आणि मैत्रीण यांच्यातला महत्त्वाचा प्रसंग मी पूर्वी कुजबुजीत लिहिला होता. तो आता सगळी छावणी ऐकतेय असा आहे, आणि तो कितीतरी खरा झालाय.

एक गोष्ट आवर्जून सांगते. खऱ्या आपत्तीत सापडलेल्या माणसांना भेटायला जाताना स्थानिक माणसाला बरोबर घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे द्या. माझ्या जुन्या वर्गमैत्रिणीने पैसे घेतले नाहीत, पण तिच्या भाच्याला मी रोजचे ८०० रुपये दिले. तो नसता तर मी चुकीच्या वेळी चुकीच्या दारात उभी राहिले असते. आणि कुणी रडायला लागलं तर पुढचा प्रश्न विचारू नका. तिथून उठायचीही घाई करू नका.

दुसरा खर्डा २०२३ च्या शेवटी झाला. स्पायरल बाइंडिंगच्या प्रती काढून सहा जणांना दिल्या, त्यात तेलक्षेत्रात काम केलेले एक निवृत्त काका होते. रिगवर कोण कुणाला काय म्हणतं, टूलपुशर कुठे उभा राहतो, मड म्हणजे नक्की काय, हे सगळं त्यांनी पेन्सिलने समासात लिहून दिलं. तांत्रिक विषय असेल तर असा एक वाचक हवाच.

मग वकील. हा खर्च टाळावासा वाटतो, पण टाळू नका. मला १२ हजार रुपये लागले आणि झोप शांत लागू लागली. वकीलबाईंनी दोन गोष्टी समजावल्या. बदनामीच्या कायद्यात कंपनीचीही बदनामी होऊ शकते, म्हणून पात्रांच्या तोंडी खऱ्या कंपनीवर जे आरोप येतील ते अहवालात असलेल्या गोष्टींच्या पलीकडे जाऊ नयेत. मी कादंबरीतली कंपनी निनावीच ठेवली, सगळे तिला 'कंपनी' एवढंच म्हणतात, तिथे बोलतातही तसंच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मृत व्यक्तीबद्दल लिहिलेलं तिच्या जवळच्या माणसांना दुखावण्याच्या हेतूने असेल, तर तेही बदनामीत धरलं जाऊ शकतं. कायद्याचं सोडा, पण त्या दोन अग्निशामक जवानांची घरं तिथे आहेत. माझ्या खर्ड्यात अग्निशमन दलातलं एक पात्र होतं, ९ जूनला मरणारं. ते मी काढून टाकलं. त्या दोघांचा उल्लेख आता एका परिच्छेदात येतो, जे घडलं तेवढाच. त्यांच्या मनात शेवटी काय आलं असेल हे लिहिण्याचा हक्क मला नाही, असं मला मनापासून वाटलं. हे प्रकरण काढताना फार जड गेलं, कारण ते चांगलं उतरलं होतं.

कॉपीराइट नोंदणी बंधनकारक नाही, लिहिताक्षणी हक्क तुमचाच असतो. तरी मी केली. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, लगेच डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक मिळतो. त्यानंतर कुणाचा आक्षेप येतो का यासाठी ३० दिवस थांबावंच लागतं, पुढे तपासणीला आणखी काही महिने जातात. प्रकाशकांकडे पाठवण्याआधी डायरी नंबर हातात असला तरी पुरतो.

प्रकाशक शोधणं हा सगळ्यांत कोरडा काळ. २०२४ चं बहुतेक वर्ष त्यात गेलं. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकांनी सात महिन्यांनी सांगितलं की आसामवरची कादंबरी मराठीत कोण वाचणार. आणखी एकांनी छपाईचे अर्धे पैसे मागितले. पैसे देऊन छापायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मागणी आली तर किती प्रती, कुठे वितरण, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे लेखी घ्या. मी नाही म्हटलं. पाठवताना अख्खी संहिता न देता दोन पानांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं आणि एक पान 'यातलं खरं काय, कल्पित काय' असं दिलं होतं. ज्यांनी अखेर कादंबरी घेतली, त्यांनी त्या शेवटच्या पानामुळेच पुढे वाचलं असं सांगितलं. म्हणून तसं पान नक्की जोडा.

करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. महाराष्ट्रात आता त्यासाठी ५०० रुपयांचा स्टँप पेपर लागतो, आधी १०० चा चालायचा. मानधन दहा टक्के, पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची. कराराच्या मसुद्यात अनुवादाचे, ऑडिओचे आणि दृश्य माध्यमाचे सगळे हक्क प्रकाशकाकडे होते. मी अनुवादाचे हक्क माझ्याकडे ठेवायला सांगितले. दोन आठवडे फोनाफोनी झाली, मग ते तयार झाले. त्यांच्या बाजूने त्यांनी सगळं नीट केलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, प्रकाशकच घेतो, सरकारी पोर्टलवरून ते मोफत मिळतं, त्यासाठी कुणी तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका. पुस्तक छापल्यावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं हीही कायद्याने प्रकाशकाचीच जबाबदारी, पण पाठवली का ते विचारत राहा.

प्रुफं मी तीनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने. आसामी नावांचं लेखन एकसारखं राहावं म्हणून आधीच एक यादी करून अक्षरजुळणी करणाऱ्यांना दिली होती. मुखपृष्ठासाठी आगीचा फोटो नको, एवढा एकच हट्ट धरला. मागुरी बिलातल्या नावेचा फोटो घेतला, छायाचित्रकाराला ६ हजार रुपये आणि लेखी परवानगी.

अनुवादाचे हक्क का मागितले ते आता सांगता येईल. ज्या वर्गमैत्रिणीकडे मी राहिले होते, तीच कादंबरी आसामीत आणतेय. पहिली चार प्रकरणं झाली आहेत. ती रोज रात्री फोनवर मला विचारते, हा माणूस असं का वागला, या बाईने त्या दिवशी छावणी का सोडली. काही उत्तरं माझ्याकडे आहेत. जिथे नाहीत तिथे ती बाघजानला जाऊन विचारून येते. आसामी हस्तलिखित पूर्ण झालं की छापण्याआधी त्या बाइदेवांना वाचून दाखवायचं ठरलंय. त्यांनी काही काढायला सांगितलं तर काढायचं, हे आम्ही दोघींनी आधीच कबूल केलंय.